खंडेनवमीला बंद केलेला संगणक

मी भाड्याने राहते त्या खोलीची खिडकी एका पॉलीहाऊसकडे उघडते. खोली दाखवताना घरमालकांचा मुलगा जरा ओशाळून म्हणाला होता, "इथून डोंगर दिसायचा, पण मधी ते प्लास्टिक उभं राह्यलं." मला त्यात वाईट वाटण्यासारखं काही दिसलं नाही. आमच्या हिंगोलीकडे डोंगरही नव्हता आणि पॉलीहाऊसही नव्हतं. सकाळी त्या पांढऱ्या प्लास्टिकच्या आत जरबेऱ्याच्या फुलांचे लाल-पिवळे ठिपके दिसायचे आणि उन्हं वर आली की आत फॉगर सुरू व्हायचे. फॉगर म्हणजे छताला टांगलेल्या बारीक तोट्या. त्यांतून पाणी धुक्यासारखं उडतं आणि आतली हवा गार होते. तो फसफस आवाज ऐकत मी डबा भरायची आणि माण रस्त्याला कंपनीची गाडी पकडायला निघायची.

पॉलीहाऊस घरच्या सूनबाईंचं. त्यांना मी वहिनी म्हणते आणि त्या मला ताई. बारावी झालेल्या, लवळ्याच्या एका कॉलेजच्या मेसमध्ये सकाळच्या पाळीला कामाला. दुपारी परत आल्या की साडीवर जुना शर्ट चढवून थेट आत. घरामागचा तो तुकडा त्यांनी सासऱ्यांकडून मागून घेतला होता. त्यांच्या नवऱ्याला, म्हणजे दादांना, तिथे खोल्या बांधायच्या होत्या. आमच्या गल्लीत ज्याच्याकडे जागा आहे त्याने खोल्या बांधल्या आहेत, विद्यार्थ्यांसाठी, आयटीवाल्यांसाठी, माझ्यासारख्यांसाठी. दादांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. आबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, दोघांचं ऐकून घेतलं आणि सुनेला एक साल दिलं होतं. फुलं नीट निघाली तर पॉलीहाऊस राहील, नाहीतर पुढच्या वर्षी तिथे पाया खोदायचा. हे सगळ्या घराला माहीत होतं. मला आल्यानंतर महिन्याभरात माहीत झालं.

वहिनी सकाळभर घरी नसतात, म्हणून फॉगर आपोआप चालावेत अशी सोय त्यांनी करून घेतली होती. दाराजवळ खांबाला एक पत्र्याची पेटी, पेटीत तळहाताएवढा संगणक. तो आतली उष्णता मोजायचा, ठरावीक आकड्याच्या वर गेली की मोटर चालू करायचा, खाली आली की बंद. पेटी इन्व्हर्टरवर होती, त्यामुळे लाईट गेली तरी तो कधी बंद पडला नव्हता. बसवून देणारा माणूस दोन जिल्हे ओलांडून आला होता आणि एका दिवसात काम उरकून गेला होता.

आता माझं काम काय ते सांगते, कारण ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. हिंजवडीतल्या एका कंपनीत मी सर्व्हर सांभाळते. सर्व्हरवर पुष्कळ कामं अशी चालतात की त्यांना पडदा नसतो, खिडकी नसते, क्लिक करायला काही नसतं. ती मागे, न दिसता, चोवीस तास चालू असतात. त्यांना आम्ही सर्व्हिस म्हणतो. कोणी संदेश पोचवते, कोणी नोंदी ठेवते, कोणी दुसऱ्या सर्व्हिसवर लक्ष ठेवते. त्या चालू आहेत का बघणं, पडल्या तर उठवणं, का पडल्या ते शोधणं, हे मी काळ्या स्क्रीनवर शब्द टाईप करून करते. वडील फोनवर अजून विचारतात, "माय, तू नेमकं काय करतीस?" ते मोंढ्यात हमाली करायचे, त्यांच्या कामाचं पोतं डोळ्यांना दिसायचं. मी म्हणते, "मशीन चालू ठेवते, बाबा." ते म्हणतात, "चांगलं हाय. चालू ठिवत जा." आणि फोन आईकडे देतात.

हे काम मला आलं ते तालुक्याच्या कॉलेजातल्या एका सरांमुळे. आमच्या लॅबमध्ये संगणक होते, पण निम्म्यांचे माउस बिघडलेले. माउसवाल्या संगणकांसाठी मुलं धावायची. मी आणि दोन मैत्रिणी उशिरा पोचायचो, कारण आमची एसटी उशिरा पोचायची. सर म्हणाले, "माउस नाही म्हणून तोंड कशाला पाडता? बोटं आहेत ना दहा?" आणि त्यांनी आम्हाला काळ्या स्क्रीनवर काम करायला शिकवलं. तास संपला तरी थांबायचे. आज मला जे काही मिळालंय त्यात त्या बिघडलेल्या माउसांचा आणि सरांच्या त्या थांबण्याचा मोठा वाटा आहे. हे मी कुठेतरी लिहायला हवं होतं, म्हणून इथे लिहिते.

त्या वर्षी दसऱ्याला मी गावी गेले होते. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी परत आले, घरूनच काम करायचं होतं म्हणून आंघोळ करून लॅपटॉप उघडून बसले. ऑक्टोबरचं ऊन चढत होतं. दुपारी खालून वहिनींची हाक आली. नेहमीसारखी नव्हती.

"ताई! ओ ताई! जरा खाली या हो, लवकर."

मी गेले. पॉलीहाऊसचं दार उघडलं तर आतली हवा तोंडावर आली, भट्टीसारखी. जरबेऱ्याची पानं मऊ पडली होती आणि फुलांनी माना टाकल्या होत्या. दांड्यावर फूल सरळ उभं असायला हवं, ती सगळी खाली बघत होती. वहिनी अजून मेसच्या कपड्यांतच होत्या. त्यांनी एका हातात पाण्याचा पाईप धरला होता आणि वर हवेत फवारा मारत होत्या, रडत नव्हत्या, पण ओठ घट्ट मिटले होते.

दादा पेटीपाशी उभे होते. "दिवा तर लागलाय," ते म्हणाले. "हिरवा. चालू हाय म्हनं. चालू हाय तर पाणी कुटं हाय?"

मी विचारलं, शेवटचं कधी नीट चाललं?

वहिनींनी सांगितलं ते असं. नवमीला घरात खंडेनवमीची पूजा झाली. विळे, कोयते, फवारणीचा पंप, ट्रॅक्टर सगळं धुऊन ओळीनं मांडलं. आबांनी सगळ्यांना हळदीकुंकू लावलं आणि मग म्हणाले, सुनेची ती पेटी पण आणा, तीबी अवजारच हाय. पेटी खांबाला पक्की असल्यामुळे आणता येईना, तर आबा स्वतः ताट घेऊन पॉलीहाऊसमध्ये गेले. पेटीला हळदीकुंकू लावलं, झेंडूचं फूल ठेवलं. आणि खंडेनवमीला अवजाराला विसावा द्यायचा असतो म्हणून इन्व्हर्टरच्या बोर्डावरचं तिचं बटण बंद केलं.

"मला इतकं बरं वाटलं ताई," वहिनी म्हणाल्या. "आबा कधी आत पण येत नव्हते. त्या दिवशी मी दिवसभर हातानं पाणी मारलं, मला काही वाटलं नाही."

दसऱ्याला सकाळी आबांनीच बटण चालू केलं. हिरवा दिवा लागला. त्या दिवशी आभाळ होतं, गरमी नव्हती, त्यामुळे फॉगर चालले नाहीत याचं कोणाला काही वाटलं नाही. आज वहिनी कामाला गेल्या आणि ऊन पडलं.

आबा दाराबाहेर उभे होते. ते आत आले नाहीत.

"मी म्हनलं हुतं, नाजूक वस्तू हाय, तिला हात लावू नगा," दादा त्यांच्याकडे न बघता म्हणाले. "पूजा करायची तर लांबून करायची. बटण कशाला बंद करायचं?"

"अवजार हाय म्हणून केलं," आबा म्हणाले.

"मग आता बघा. दसरा झाला, पावणे-रावळे झाले, आता मुकादमाला बोलवून खोल्यांचं माप घ्या."

"तुमी जरा गप ऱ्हावा!" वहिनी पाईप तसाच धरून म्हणाल्या. "फुलं मेली न्हाईत अजून."

मी वर जाऊन लॅपटॉप आणला. पेटीतल्या संगणकात शिरायला पासवर्ड लागणार होता. बसवणारा माणूस तीनदा रिंग होऊनही फोन घेईना. पण वहिनींनी त्याला पासवर्ड त्याच दिवशी विचारून फोनमध्ये ठेवला होता. तो म्हणाला होता, तुम्हाला काय करायचाय? त्या म्हणाल्या होत्या, वस्तू माझी आहे ना?

मी काळी स्क्रीन उघडली आणि जी कमांड मी दिवसातून कितीतरी वेळा टाईप करते तीच केली. सिस्टमसीटीएल, मग स्टेटस, मग सर्व्हिसचं नाव. त्या माणसाने नाव साधं ठेवलं होतं, फॉगर. मशीनने लगेच उत्तर दिलं. वहिनी माझ्या खांद्यावरून वाचत होत्या. त्यांनी बारावीपर्यंतच्या इंग्रजीने एक शब्द पकडला आणि त्यांचा हात माझ्या दंडावर घट्ट बसला.

"डेड म्हणतंय ताई. मेलं का?"

"नाही हो वहिनी. ते तसंच बोलतं. चालू नाही एवढाच अर्थ."

मी त्या शब्दाची इतकी सवय करून घेतली होती की तो असाही वाचता येतो हे विसरले होते. पुढे मी चालू करायची कमांड दिली, स्टार्ट. क्षणभर काही नाही. मग मोटरने घरघर केली, पाईपात हवा खडखडली आणि डोक्यावर सगळ्या तोट्या एकदम फुसफुसायला लागल्या. बारीक धुकं खाली आलं. लॅपटॉप भिजू नये म्हणून मी ओढणी त्याच्यावर टाकली. वहिनींनी पाईप सोडून दिला आणि दोन्ही हात वर केले, तळवे उघडे.

"झालं?" दादा म्हणाले. "एवढंच व्हतं?"

"आत्तापुरतं झालं," मी म्हणाले.

आणि मग मला खरं काम करायचं होतं ते केलं, म्हणजे का झालं ते बघितलं. फार शोधावं लागलं नाही. त्याच उत्तरात दुसरा एक शब्द होता, डिसेबल्ड. त्या माणसाने सर्व्हिस चालू करून दिली होती, पण मशीन पुन्हा सुरू होईल तेव्हा तिनेही आपणहून उठावं असं सांगायचं राहिलं होतं. त्यासाठी वेगळी कमांड असते, एनेबल. घाईत ती राहते. आमच्याकडे शिकलेल्या लोकांच्या हातूनही राहते. मशीन जोवर बंद होत नाही तोवर ते कोणालाच कळत नाही, कारण सगळं चालूच असतं.

हे मी त्यांना सांगायचा प्रयत्न केला. हिरवा दिवा म्हणजे फक्त मशीन जागं आहे. जागं झाल्यावर कोणतं काम हाती घ्यायचं, ते त्याला सांगून ठेवावं लागतं. आत्ताचं 'चालू कर' हे फक्त आत्तापुरतं. बंद केलं की विसरलं.

आबा बाहेरून ऐकत होते. ते पहिल्यांदा बोलले. "म्हंजी गडी रोजानं बोलावला हुता. सालानं न्हवता ठेवला."

"हो आबा. अगदी तसंच."

"मग आज आला न्हाई त्यात त्याचा काय दोष?" असं म्हणून ते थांबले. मग हळूच विचारलं, "आन् माझा?"

मी म्हणाले, "तुमचा कसला आबा? बंद केल्याने काही बिघडलं नाही. राहिलं होतं ते दिसलं. हेच मे महिन्यात इन्व्हर्टर खराब होऊन झालं असतं आणि वहिनी मेसमध्ये असत्या, तर एका दुपारीत सगळं गेलं असतं."

मी एनेबलची कमांड दिली, मशीनने एक ओळ छापली. काम झालं होतं. पण झालं आहे हे मला कागदावर माहीत होतं, डोळ्यांनी नाही. ते बघायचा एकच मार्ग होता: मशीन बंद करून पुन्हा चालू करायचं आणि कुणीही काहीही टाईप न करता फॉगर चालतात का बघायचं.

मी हे म्हटलं मात्र, दादा म्हणाले, "ओ मॅडम, कशाला? चालतंय ना? चालतंय ते चालू द्या की!"

हे वाक्य मी ऑफिसात इतक्यांदा ऐकलंय. आमच्याकडेही काही सर्व्हर असे आहेत की त्यांना कोणी हात लावायला धजत नाही. चालतंय ना, मग राहू दे. त्यांच्याजवळून जाताना लोक आवाज कमी करतात. दादांना मी काय सांगणार होते? शिवाय वस्तू माझी नव्हती, दुपार माझी नव्हती, एक साल माझं नव्हतं. मी वहिनींकडे पाहिलं.

वहिनी पानं बघत फिरत होत्या. एक-दोन फुलांच्या माना किंचित वर आल्यासारख्या वाटत होत्या, किंवा आम्हाला तसं वाटायचं होतं.

"नाही चाललं तर?" त्यांनी मला विचारलं.

"तर मी इथे आहे. हाताने चालू करीन आणि पुन्हा शोधीन. पण उद्या सकाळी तुम्ही मेसमध्ये असाल आणि मी हिंजवडीत."

"हां," त्या म्हणाल्या. मग दाराकडे वळल्या. "आबा, आत या. तुमीच बटण बंद करा."

"म्या न्हाई हात लावायचा आता."

"तुमीच लावायचा."

"अगं, पोरगं काय म्हणतंय ऐकलंस न्हवं?"

"त्यांचं ऐकलं. आता माझं ऐका. नवमीला तुमी बंद केलं तवा मला कुणी इचारलं न्हवतं, आज मी सांगतीया."

आबांनी चपला काढल्या. पॉलीहाऊसमध्ये चपला काढायची काही गरज नसते, पण त्यांनी काढल्या. मी आधी कमांड देऊन संगणक नीट थांबवला आणि मान हलवली. आबांनी बोर्डावरचं बटण बंद केलं. हिरवा दिवा गेला, मोटर थांबली, तोट्यांतून शेवटचे थेंब पडले. इतकी शांतता झाली की रस्त्यावरून वळणाऱ्या एका डंपरचा आवाज स्पष्ट ऐकू आला. आबांनी बोटांवर काहीतरी मोजलं, माझ्याकडे पाहिलं, आणि बटण चालू केलं.

दिवा लागला. या वेळी दिव्याकडे कोणीच बघितलं नाही. सगळे वर तोट्यांकडे बघत होतो. काही आलं नाही.

मी स्टेटस विचारलं. ॲक्टिव्ह, रनिंग. मी सांगितलं, "चालू झालीय. स्क्रीनवर दिसतंय."

"हिरवा दिवा पन तेच म्हनत व्हता," दादा म्हणाले.

त्यांचं बरोबर होतं. मला कारण माहीत होतं, मघाच्या फवाऱ्याने आतली हवा गार झाली होती आणि पुन्हा तापल्याशिवाय मशीन पाणी सोडणार नव्हतं. पण कारण सांगून कोणाला पाणी दिसत नाही. वहिनी म्हणाल्या, "तापू द्या. आपण बसू." त्यांनी दार लावून घेतलं आणि आम्ही सगळे बाहेर बांधावर बसलो. त्या उठून चहा करायला गेल्या नाहीत. दादाच गेले, स्टीलच्या किटलीत चहा आणि बशीत दसऱ्याच्या उरलेल्या करंज्या घेऊन आले. किटली ठेवताना म्हणाले, "गोड कमी हाय. साखर घावली न्हाई मला."

"पंधरा वर्सं झाली ह्या घरात," वहिनी म्हणाल्या, "ह्यांना साखर घावंना."

"डबा बदलतीस तू!"

"डबा तोच हाय. तुमी स्वयंपाकघरात नवमीला येताय, दिवाळीला येताय, मग कसं घावायचं?"

आबा हसले. मीही हसले. ऊन पाठीवर पडत होतं. लॅपटॉपवर ऑफिसातला एक निरोप आला, मी त्याला उत्तर दिलं. माझ्या आईबाबांनी मला शिकवताना कधी विचारलं नाही की याचा उपयोग कुणाला होणार. त्यांना फक्त मी उन्हात काम करू नये एवढंच हवं होतं. मी उन्हात बसून एका मोटरच्या आवाजाची वाट बघत होते, आणि यापेक्षा बरी दुपार मला त्या वर्षात दुसरी आठवत नाही.

चहा संपला, कप पालथे झाले. आणि आतून घरघर आली. वहिनी उठून उभ्या राहिल्या, पण दाराकडे गेल्या नाहीत. मग खडखड, आणि मग तो फसफस आवाज. प्लास्टिकच्या आतून पांढरं धुकं सरकताना दिसलं. कोणी काही टाईप केलं नव्हतं, कोणी हात लावला नव्हता.

आबांनी मुलाकडे पाहिलं. "साल पुरं हुईस्तोवर ह्या तुकड्यावर खोल्यांचं नाव काढायचं न्हाई."

दादा कप गोळा करत होते. "म्या कुटं काय म्हनलं," ते म्हणाले, आणि किटली उचलून आत गेले. थोड्या वेळाने अंगणातून त्यांचा फोनवरचा आवाज आला, मुकादमाला म्हणत होते, दिवाळीनंतर बोलू, घाई नाही.

"आन् फुडच्या नवमीला?" आबांनी सुनेला विचारलं. "बंद करायचं का न्हाई?"

"बंद करायचं," वहिनी म्हणाल्या. "पूजा करायची, बंद करायचं. दुसऱ्या दिवशी चालू करून हितंच बसायचं, पाणी येईस्तोवर."

मला हे फार पटलं. पुढे ऑफिसात मी आमच्या गटात विचारलं, आपण दर काही महिन्यांनी सर्व्हर ठरवून, दिवसाढवळ्या, सगळे हजर असताना बंद-चालू करून बघूया का? आधी हसले, मग एका सर्व्हरवर केलं. दोन सर्व्हिस उठल्या नाहीत. कोणाचं नुकसान झालं नाही, कारण आम्ही तिथेच होतो. कल्पना कुठून सुचली ते मी सांगितलं. पुष्कळांना ते खरं वाटलं नाही.

पण त्या दुपारी अजून एक गोष्ट झाली. मी लॅपटॉप मिटत होते तेव्हा वहिनी म्हणाल्या, "ताई, ते बघायचं कसं ते मला शिकवा. तुमी कायम इथं थोड्याच राहणार?" मी त्यांच्या फोनवर पेटीतल्या संगणकाला जोडणारी काळी स्क्रीन उघडून दिली. त्यांनी एका बोटाने एकेक अक्षर शोधत टाईप केलं. पहिल्यांदा मशीन म्हणालं, अशी कमांडच नाही. त्यांनी न रागावता अक्षरं पुन्हा जुळवली, एक राहिलेलं घातलं. दुसऱ्यांदा ओळी आल्या. त्यांनी बोट ठेवून वाचलं, ॲक्टिव्ह. मग फोन खाली घेतला आणि तोट्यांकडे वर बघितलं.